दोन बघूक, एक बसूक

"माका तीन देश होये. दोन बघूक, एक बसूक."

काकींनी माझ्या टेबलाच्या काचेवर तीन बोटं ठेवली. त्यातली दोन जवळ धरली आणि तिसरं थोडं बाजूला सरकवलं. काचेखाली मी जगाचा नकाशा घातला आहे. त्यांचं ते बाजूचं बोट नेमकं भर समुद्रात पडलं होतं. मग त्यांनी चपला काढल्या, पाय थंड लादीवर टेकले आणि माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू देश माझ्या कपाटात आहेत आणि मी फक्त उठून काढून द्यायचे आहेत.

डिचोलीच्या बसस्टँडजवळ माझं तिकिटांचं दुकान आहे. लोक येतात ते शिर्डीला, नाहीतर आखातात नोकरीला जाणारे. सहलीला जाणाराही एखादा येतो आणि सरळ विचारतो, किती देश दाखवणार? जितके जास्त, तितका तो खूश. मी स्वतः बेळगावच्या पलीकडे गेलेलो नाही, पण ते गिऱ्हाइकाला कशाला सांगा. "एक बसूक" असं मात्र आजवर मला कुणी म्हटलं नव्हतं. त्यामुळे त्या दिवशी मी चहा मागवला, आणि माझ्याकडे चहा मागवला जातो म्हणजे गिऱ्हाईक साधं नाही असं समजावं.

काकी सुर्ल्याच्या. म्हणजे मूळच्या मालवणच्या बाजूच्या, पण काकांनी खनिजाचा ट्रक घेतला तेव्हापासून सुर्ल्यातच. घराच्या पडवीत त्या ट्रकवाल्यांसाठी खाणावळ चालवायच्या. मी पूर्वी त्या बाजूला गेलो की तिथेच जेवायचो. बांगड्याचं तिखलं आणि भाताचा डोंगर. पानातला डोंगर संपल्याशिवाय उठायची सोय नव्हती. "माणूस आसस काय पाखरू?" असं विचारून त्या आणखी वाढायच्या. खाणी बंद झाल्या तशी पंगत कमी झाली. पुढे शाळेचे दोन मास्तर आणि एक पोस्टमन एवढेच उरले. काकी मात्र भात पूर्वीच्याच मापाने शिजवायच्या आणि उरलेला कोंबड्यांना घालायच्या. सुर्ल्यात एवढ्या धष्टपुष्ट कोंबड्या दुसऱ्या कुणाकडे नव्हत्या.

"काकी, बसपाक परदेशांत कित्याक? दर्या आमचो हांगाच आसा," मी म्हटलं.

"हंयच्या दर्यार आमी दोगा बसलेली दिसलंव, तर पयलो भेटतलो तो इचारतलो, काय झाला? कोणाचा काय झाला?"

मी हसलो, पण त्यात खोटं काही नव्हतं. तुम्हीच आठवून पाहा. आपल्यापैकी कोण समुद्रावर नुसता बसायला जातो? आपण मासे आणायला जातो, पाहुण्यांना दाखवायला जातो, नाहीतर कुणाची राख घेऊन जातो. माझं घर मयेला, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. जगभरची माणसं तिथे येऊन काठावर बसतात. आम्ही त्यांच्याकडे बघत बघत सायकलवरून पुढे जातो. काठावर बसलेला मयेकर मी तरी पाहिलेला नाही.

त्यानंतर काकी दुपारची खाणावळ आवरून वरचेवर यायला लागल्या. येताना डब्यात घावणे असायचे. त्यांचे प्रश्न कुठल्याच माहितीपत्रकात नव्हते. सिंगापूरला रस्त्यावर कुत्रे असतात का? तिथे सकाळी पाव घेऊन कुणी दारात येतो का? म्हातारी माणसं चालून दमली तर त्यांना बसायला बाकडं असतं का, आणि बसलं तर कोणी उठवतं का? क्वालालंपूरचे ते दोन उंच मनोरे बघून खाली आल्यावर लोक पुढे काय करतात? "आणि मगे?" हा त्यांचा ठरलेला सवाल. मी म्हणायचो, मग हॉटेलवर. "आणि मगे?" मग जेवण. "आणि मगे?" शेवटी मी तिकडच्या एका माणसाला फोन लावला आणि बाकड्यांची चौकशी केली. त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय.

सिंगापूर आणि क्वालालंपूर ही दोन शहरं आधी, थायलंडचा समुद्रकिनारा शेवटी, हा क्रम त्यांनीच ठरवला होता. मी उलट सुचवलं होतं. आधी जरा विश्रांती घ्या, मग ताजेतवाने होऊन शहरं बघा. त्यांनी मान हलवली.

"आदी पाय दुखूक होये. पाय दुखल्याशिवाय आमचे हे बसूचे नाय. बसले तरी ट्रकाच्या तोंडाक तोंड करून."

तेव्हा मला कळलं की हा सगळा बेत कुणासाठी आहे. काकांसाठी.

काकांना तुम्ही त्या दिवसांत पाहिलं असतंत तर ओळखलं असतंत. असा एक माणूस त्या पट्ट्यातल्या प्रत्येक गावात होता. अंगणात ट्रक उभा, त्याच्या चाकांभोवती गवत, आणि पडवीत त्याच्याकडे बघत बसलेला मालक. काका रोज सकाळी ट्रक पुसायचे, इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचे आणि मग फोन मांडीवर घेऊन बसायचे. "उद्या नाय तर परवा सुरू होतली," हे त्यांचं वाक्य. एखाद्या वर्षी ते खरं वाटायचं, पुढच्या वर्षी पुन्हा नाही. रात्री अंथरुणावर पडले तरी रस्त्यावरचा आवाज ऐकत असायचे. बोलणं कमी कमी होत गेलं होतं. लग्नाला नाही, बारशाला नाही. आपण बाहेर असताना खाणीवरून बोलावणं आलं तर?

मस्कतला परिचारिका असलेल्या लेकीने एकदा दोघांना बळेच कोल्हापूरला धाडलं. गाडी बांद्यापर्यंत पोचली आणि काकांना फोन आला की सुर्ल्यात रस्त्यावर पाणी मारतायत. खनिजाची वाहतूक सुरू व्हायची तर धूळ बसवायला आधी टँकर फिरतो, हे त्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत. काकांनी गाडी तिथूनच वळवली. टँकर आला होता तो जत्रेच्या मैदानासाठी. काकी देवीचं दर्शन न घेता घरी आल्या आणि दुपारी मास्तरांना वाढायला उभ्या राहिल्या.

"म्हणान आता अशा जाग्यार नेऊचा, जंयसून गाडी वळवूक येवची नाय," त्या म्हणाल्या. "मधी समुद्र होयो."

हे सांगताना त्या हसत होत्या. पण चहाचा कप तसाच राहिला होता आणि बोटं पुन्हा काचेवर आली होती. "हेंका असेच सोडलंय तर हे एक दिवस त्या ट्रकाभुतुरच बसान ऱ्हवतले, बाबू. मी कोणाकडे बोलू?" मी उगाच पंखा वाढवला.

पण काका तयार कसे होणार? सहल म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी. त्यावर काकींनी जी युक्ती काढली ती त्यांच्या गावच्या माणसालाच सुचावी. त्या सहल म्हणाल्याच नाहीत. म्हणाल्या, "गावपळण."

गावपळण ही काय चीज आहे ते मला त्यांनीच सांगितलं. त्यांच्या गावी काही वर्षांनी एकदा देवाला कौल लावतात आणि देवाने हो म्हटलं की अख्खा गाव उठतो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या सगळी वेशीबाहेर. घरात एक जीव मागे ठेवायचा नाही. रानात झोपड्या घालायच्या आणि तीन दिवस तिथेच राहायचं. गावात जे काही वाईटसाईट वस्तीला आलेलं असतं ते रिकाम्या घरांना कंटाळून निघून जातं म्हणे. मग पुन्हा कौल लावायचा. देव हो म्हणाला तर परत यायचं, नाही म्हणाला तर मुक्काम वाढवायचा.

"थंय काम नाय रे," काकींचा चेहरा सांगताना लहान मुलीसारखा झाला होता. "सगळ्यांनी मिळान रांधूचा, फुगड्यो घालूच्यो, गजाली करूच्यो. माझ्या आवशीक नुसती बसलेली मी तेवाच बघलंय. एका झाडाक टेकान, पाय लांब करून. मी लांबसून बघीत ऱ्हवलंय. माका वाटला, ही कोण बाई?"

मी नंतर पुष्कळदा त्या झाडाखालच्या बाईचा विचार केला आहे. माझ्या आईला मी तसं बसलेलं कधी पाहिलं का, हेही आठवून बघितलं. नाही आठवलं.

काका म्हणाले, गावपळण गावाची असते, घराची नसते. काकी म्हणाल्या, खाण बंद झाली तेव्हापासून गाव तरी कुठे राहिलाय? काका म्हणाले, कौल कुठाय? त्या तडक उठून गावच्या देवाला कौल लावून आल्या, आणि देव त्यांच्याच बाजूचा निघाला. आता आपल्याकडचा माणूस बायकोशी वाद घालील, कौलाशी घालणार नाही.

गावपळण म्हटल्यावर तिचे नियमही आले. एका दुपारी काकी गंभीर चेहऱ्याने आल्या.

"कोंबड्यो खंय व्हरूच्यो?"

मी क्षणभर कोंबड्यांना सिंगापूरच्या विमानात बसवून पाहिलं. मग म्हटलं, शेजारणीला सांगा दाणे टाकायला. तसं चालणार नव्हतं. घरात जीव ठेवायचा नाही, कोंबड्यांनीही वेस ओलांडायलाच हवी. तेव्हा असं ठरलं की कोंबड्यांची गावपळण मयेला, माझ्या परसात. माझ्या बायकोने मला विचारलं की तिकिटांच्या धंद्यात ही नवी सोय कधीपासून. मी म्हटलं, नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी असते.

दुसरा नियम परतीच्या तिकिटाचा. मी सगळी तिकिटं काढून कागद पुढे ठेवले. काकींनी शेवटच्या तिकिटावर बोट ठेवलं.

"ह्या आदीच कसा काढलंस? परतीचो कौल मिळाक नाय अजून."

मी समजावलं की परतीचं तिकीट नसेल तर त्या देशात आत घेत नाहीत. "त्येंका आमच्या देवाचा काय म्हायत," असं म्हणून त्यांनी ते मान्य केलं, पण तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्यायला लावलं. मी मनात म्हटलं, बाई हट्टी आहे. थायलंडच्या किनाऱ्यावर हिला कौल लावून देणारा भट कुठला मिळणार?

निघायच्या दिवशी मीच त्यांना मोप्याच्या विमानतळावर सोडायला गेलो. एरवी मी कुणाला सोडायला जात नाही, पण बांद्याची गोष्ट ऐकल्यापासून मला चैन नव्हतं. आदल्या संध्याकाळी कोंबड्या माझ्याकडे पोचल्या होत्या. सुर्ल्याची हद्द आली तिथे काकींनी गाडी थांबवायला लावली. काकांना खाली उतरवलं, दोघांनी वेशीकडे तोंड करून हात जोडले आणि मग दोघं चालत पलीकडे गेली. मी गाडी मागून आणली. पेडणे येईपर्यंत काका खिडकीबाहेर बघत होते. फोन मात्र हातात होता.

विमानतळाच्या दाराशी सामान उतरवलं आणि तो वाजला.

काकांनी ऐकून घेतलं आणि फोन तसाच धरून उभे राहिले. "रस्त्यार पाणी मारतत," ते म्हणाले. आवाज इतका हळू की मला नीट ऐकूही आला नाही. काकींना आला. मागे लोक खोळंबले होते, दारावरचा शिपाई तिकीट मागत होता. काका गाडीकडे बघत होते. माझ्याच गाडीकडे! मी किल्ली खिशात घातली आणि खिशावर हात ठेवला.

मला वाटलं, काकी आता चिडणार, नाहीतर रडणार. त्यांनी दोन्हीपैकी काही केलं नाही. त्यांनी साडीचा पदर नीट केला आणि साध्या आवाजात म्हटलं, "मारूंदेत. आमची येस वलांडून झाली. आता कौल मिळाल्याशिवाय परत जावक येवचा नाय."

काका उभेच. मग त्यांनी फोन बंद केला, दोन्ही पिशव्या उचलल्या आणि आत गेले. काकी त्यांच्यामागून. गावपळणीत मागे वळून बघायचं नसावं, कारण दोघांपैकी कुणीच बघितलं नाही. मी मात्र दार बंद झाल्यावरही तिथेच उभा होतो. शिपायाने मलाच विचारलं, तुमचं तिकीट?

सिंगापूरहून काकींचा फोन आला. "बाकडी आसत रे! कोण उठवणत नाय." मी काकांची चौकशी केली. काका एका रस्त्याच्या कडेला उभे होते. पहाटे तिथे रस्ता धुवायला टँकर येतो, तो बघत. त्याला पाणी कुठून सुटतं, नळ्या किती, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. क्वालालंपूरला मनोऱ्यांपेक्षा त्यांना शेजारच्या बांधकामावरचे डंपर आवडले. "आमी दोन शहरां बघलंव," काकी म्हणाल्या, "मी माणसा बघलंय, हेंनी ट्रक." काकांचे पायही भरपूर दुखत होते, आणि हे सांगताना त्या फार समाधानी होत्या.

मग किनारा. तिथून फोन आला नाही. मी दोन दिवस वाट बघितली. माझ्या परसातला त्यांचा कोंबडा अवेळी आरवायचा आणि बायको माझ्याकडे बघायची. काय करत असतील दोघं? बसली असतील का? काका पुन्हा फोन मांडीवर घेऊन बसले असतील तर एवढ्या खटाटोपाचं काय?

परतीच्या दिवशी सकाळी दुकान उघडत होतो तेव्हा फोन आला. मागे लाटांचा आवाज.

"बाबू, परतीचो कौल मिळाक नाय."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "काकी, थंय कौल कोणें लायलो? देव खंयचो?"

"देव खंयचो मेल्या," त्या हसल्या. "हेंकाच इचारलंय. घराक जावया काय म्हणान. हे म्हणतत, आजून एक दीस ऱ्हवया."

मी किल्ली कुलपातच सोडली आणि फोन दोन्ही हातांनी धरला.

"फोन खोलयेत आसा हेंचो," काकी पुढे म्हणाल्या. "कालपासून. हे थंय झाडाक टेकान बसलेत, पाय लांब करून. मी हंयसून बघतंय."

मी तिकीट बदललं. त्यासाठी अर्धा दिवस फोनवर गेला, आणि इतक्या आनंदाने मी आजवर कुणाचं तिकीट बदललेलं नाही. कोंबड्यांना आणखी एक दिवस भात घातला.

परत आल्यावर काकांनी ट्रक विकला. मोठी काही घोषणा न करता, एका सकाळी. पुढे खरंच काही गाड्या रस्त्यावर आल्या, पण तोवर यांचं अंगण मोकळं झालं होतं. ट्रकच्या जागी दोघांनी खाणावळीतल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. संध्याकाळी तिथे बसायची. येणारा जाणारा थांबून विचारायचा, "कितें जालें?" काकी म्हणायच्या, "काय जावक नाय. बसलंव." पहिले काही दिवस लोकांचा विश्वास बसला नाही. शेजारीण तर दोनदा घरात डोकावून गेली.

गेल्या वर्षी त्यांच्या मूळ गावाला खरीखुरी गावपळण होती. दोघं कोंबड्या घेऊन गेली आणि तिकडचीच झाली. गावातलं घर दुरुस्त करून राहिली आहेत, असं लेकीकडून कळलं. मधे एकदा सामान न्यायला आल्या तेव्हा काकी दुकानात येऊन गेल्या, घावण्यांचा डबा ठेवून. मी विचारलं, खुर्च्या नेणार की देऊन टाकणार?

"ऱ्हवांदेत थंय. कोणतरी बसतलो."

आता कुणी बरेच देश मागायला आला की मी त्याला विचारतो, बघायला किती आणि बसायला किती. बहुतेक जण माझ्याकडे विचित्र बघतात. एखाद्या बाईचा चेहरा मात्र बदलतो, आणि ती चपला काढून पाय लादीवर टेकते. तेव्हा मला काकींची फार आठवण येते.

परवा कामासाठी सुर्ल्याला गेलो होतो. जेवायची वेळ, आणि सवयीने गाडी त्यांच्या दाराशी थांबली. पडवीला कुलूप. अंगणात गवत आलं होतं, ट्रकची कसलीही खूण राहिली नव्हती. खुर्च्या होत्या, पानं पडलेल्या. मी एक खुर्ची झटकली आणि बसलो. आधी वाटलं, पाच मिनिटं. मग पाय लांब केले.

रस्त्याने एक जण स्कूटरवरून चालला होता. ओळखीचा नव्हता. मला बघून त्याने वेग कमी केला, पुढे गेला आणि वळून परत आला. चेहऱ्यावर काळजी होती.

"कितें जालें रे?"

"कांय ना," मी म्हटलं. "बसलां."